दोघांच्या बदल्यात चौघं

यालामुरात रिकामी घरं चौदा होती आणि भाड्याने मिळेल असं एकही नव्हतं. शहरातली माणसं हे ऐकून हसतात. हसोत बापडी. सहा घरांचे मालक मेलबर्नला. बाप गेला त्या दिवशी कुलूप घातलं ते घातलं, विकायचंही नाही आणि कुणाला द्यायचंही नाही. तीन घरं वाळवीने आतून खाऊन टाकलेली. उरलेली शेतांवरची. शेजाऱ्याचं शेत विकत घेतलं की त्याचं घरही पदरात पडतं, आणि पेरणीयंत्र त्या घराला वळसा घालून चालवायचं म्हणजे डोक्याला ताप. मग एखाद्या दुपारी बुलडोझर आणायचा, घर पाडायचं आणि येत्या मे महिन्यात तिथे गहू पेरायचा. वेरना टकवेल लग्न होऊन आली तेव्हा गावात चारशे माणसं होती. आता एकशे बारा उरली होती, त्यातली निम्मी साठीच्या पुढची.

शाळेत मुलं नऊ. दहा असली तर दोन शिक्षक मिळतात, दहाच्या खाली गेली की एकच. आणि सगळे वर्ग एकाच बाईच्या गळ्यात असतील तिथे आपलं पोर कोण ठेवतो? म्हणजे येत्या वर्षी एक शिक्षक गेला की दोन वर्षांत शाळेला टाळं. शेजारच्या दोन गावांनी हे गणित आधीच सोडवून दाखवलं होतं. शाळेपाठोपाठ तिथलं दुकान गेलं, दुकानापाठोपाठ पोस्ट, आणि आता त्या गावांत फक्त गव्हाच्या कोठारांचे मनोरे उभे आहेत.

शाळा समितीचा अध्यक्ष होता ब्रेंटन, वेरनाचा एकुलता एक मुलगा. गावापासून चौदा किलोमीटरवर घरच्या शेतावर तो बायको आणि दोन मुलांसह राहायचा. सप्टेंबरच्या एका सकाळी तो आईच्या गावातल्या घरी आला, स्वयंपाकघरात बसला, आणि चहा संपेपर्यंत नुसताच छताकडे बघत राहिला.

"आई, या घराला चार खोल्या आहेत. राहतेस तू एकटी."

"मग? खोल्यांनी तक्रार केली का तुझ्याकडे?"

"ऐक तर. वर्कशॉपमधला नवा वेल्डर आहे ना, रोडेल डॅलिसे? बिचारा कॅरव्हॅनमध्ये झोपतो. बायको आणि मुलं मेलबर्नला भावाच्या घरी कोंबलेली. चार मुलं, आई. चारही शाळेच्या वयाची! घर मिळालं तर उद्या येतील."

"तुझ्या शेताच्या कडेला ते हॅलोरनांचं घर होतं. ते कुठे गेलं?"

ब्रेंटनने मान खाली घातली. हॅलोरनांचं घर त्यानेच पाडलं होतं.

"आणि मी कुठे जाऊ? गव्हाच्या कोठारात?"

त्यावरही उत्तर तयार होतं. शेतावर, त्यांच्या घरामागे गड्याचं छोटं घर होतं. त्याने ते रंगवून घेतलं होतं, न्हाणीत धरायला दांडे लावले होते. घर द्यायचं आठवड्याला एक डॉलर भाड्याने, दोन वर्षांसाठी. कागदबिगद काही नाही, हातात हात दिला की झालं.

"हॅमिश आणि इस्ला शाळेतून आले की रोज तुझ्याच स्वयंपाकघरात. तूच म्हणतेस ना, नातवंडं डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून."

डोळ्यांचं नाव त्याने उगाच काढलं. वेरनाच्या डोळ्यांपुढे मधोमध एक धुरकट ठिपका आला होता आणि तो वाढत चालला होता. डॉक्टरने सांगितलं होतं, गाडी आता फार दिवस चालवता येणार नाही. गावात त्याची फिकीर नव्हती. दुकान, पोस्ट, चर्च, शुक्रवारी हिरवळीवर बोल्स खेळणारी मंडळी, सगळं पायांखालचं. डोळे बांधून सोडलं असतं तरी ती दुकानातून दूध घेऊन परत आली असती. शेतावर चौदा किलोमीटर म्हणजे पाय काय कामाचे?

"गाडी गेली की मी तिथे बसून काय करू?" तिने सरळच विचारलं.

"मी आहे ना! तान्या आहे. म्हणशील तेव्हा गावात आणून सोडू. तू गाडीची काळजीच करायची नाही, आई. माझा शब्द."

माझा शब्द, म्हणाला तो. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, बापाच्याच खुर्चीत बसून.

वेरनाने दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. शाळेसाठी म्हणा, नातवंडांसाठी म्हणा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि संध्याकाळी चारच्या सुमाराला घर फार गप्प व्हायचं, हेही होतंच.

डॅलिसे कुटुंब ऑक्टोबरात आलं. रोडेलची बायको मारिविक दारात पादत्राणं काढून उभी राहिली आणि तिच्यामागे चारही पोरांनी आपापली काढली. वेरनाने तिला सगळं समजावलं: टाकीचं पाणी प्यायचं, बोअरचं झाडांना घालायचं, मागचं दार जरा उचलून लोटायचं, आणि कुंपणावरच्या पॅशनफ्रूटच्या वेलीला हात लावायचा नाही. "तिला फक्त मी छाटते." मारिविकने मान डोलावली. पोरं पहिल्या दिवसापासून तिला 'लोला' म्हणायला लागली. लोला म्हणजे त्यांच्याकडे आजी.

त्या शुक्रवारी शाळेच्या अंगणात जेवण झालं. तेरा मुलं एका रांगेत उभी राहिली आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने फोटो काढला. ब्रेंटनची पाठ थोपटून थोपटून लोकांचे हात दुखले असतील. तो म्हणाला, "माझं काय? घर आईने दिलं." वेरनाचा ऊर भरून आला. काय वाईट आहे त्यात? आपला मुलगा चारचौघांत चांगला म्हटला जावा, हे कुठल्या आईला नको असतं?

आणि खरं सांगायचं तर शेतावरचे ते तीन महिने तिचे बरे गेले. नोव्हेंबरात तिचं लायसन्स गेलं, ती एक दिवस रडली, दुसऱ्या दिवशी मंगळवार होता आणि ब्रेंटन तिला गावात घेऊन गेला. बोलल्याप्रमाणे मंगळवारी नि शुक्रवारी तो किंवा तान्या गाडी घेऊन दारात हजर. चार वाजता शाळेच्या बसमधून मुलं उतरायची आणि घरी न जाता आजीकडे धावायची. इस्ला गरम स्कोनवर, त्या छोट्या भाजक्या पावावर, इतका जॅम घालायची की खाली स्कोन आहे हे सांगावं लागे. बुधवारी मात्र मुलं उशिरा यायची. तान्या त्यांना सकाळीच घेऊन बॅलरॅटला जायची, हॅमिशच्या दातांसाठी. तीन तास जायचं, तीन तास यायचं. पोराला दात आहेत तरी किती, असं वेरनाच्या मनात एकदा आलं होतं. पण सुनेला असं विचारतात होय?

कापणी उरकली, नाताळ झाला, जानेवारीचा उन्हाळा तापला. एका सकाळी फोन वाजला. गावच्या हॉलची सेक्रेटरी, डॉट मॅकस्विनी. डॉट आणि वेरना चाळीस वर्षांच्या मैत्रिणी.

आता यालामुराची एक रीत सांगायला हवी. कुणीही गाव सोडून चाललं की हॉलमध्ये त्याला निरोप द्यायचा. भांडून चाललेला असो की दिवाळं काढून, निरोप सगळ्यांना. सगळ्या बायका घरून काही ना काही करून आणायच्या आणि कुणी काय आणायचं याची यादी डॉटच्या फ्रिजवर चिकटवलेली असायची. कुणाचं सँडविच, कुणाचे सॉसेज रोल. स्पंज केक वेरनाचे. माणसं मरायची, नवी नावं चढायची, पण केकपुढचं नाव कधी बदललं नाही. गेल्या काही वर्षांत बाळाच्या बाप्तिस्म्यापेक्षा निरोपाचे केकच तिने जास्त केले होते.

"वेरना, शुक्रवारी, चोवीस तारखेला. दोन स्पंज, नेहमीसारखे, वर पॅशनफ्रूट. साडेसहाला हॉलवर. आणि क्रीम जरा जास्त घाल, मागच्या वेळी पाद्रीबाबांना मिळालं नाही म्हणून रुसले होते."

"घालते हं. आता कोण चाललं गं?"

पलीकडे डॉट गप्प झाली. डॉट फोनवर गप्प बसलेली या गावात कुणी ऐकली नव्हती.

"डॉट?"

"अगं... मी यादी बघून फोन करते, वेरना. डोकं नसतं माझं जाग्यावर. यादीत तुझं नाव होतं, फिरवला नंबर. मला वाटलं... तुला माहीतच असणार ना."

"काय माहीत असणार?"

"तू ब्रेंटनला विचार," डॉट म्हणाली आणि फोन ठेवला. तोही आजवर समोरच्याच्या आधी तिने कधी ठेवला नव्हता.

वेरना अंगणातून यंत्रांच्या शेडपर्यंत चालत गेली. ब्रेंटन कापणीयंत्र धूत होता. तिने नळ बंद केला.

"चोवीस तारखेला निरोप कुणाचा आहे?"

त्याने हात पुसले. पुसतच राहिला.

"मी सांगणारच होतो, आई. या शनिवारी."

"कुणाचा?"

"बॅलरॅटला घर घेतलंय. मुलांना तिथल्या शाळेत प्रवेश मिळालाय. इथे हॅमिशला काय मिळणार? तूच सांग ना..."

"घर कधी घेतलंस?"

"ऑगस्टमध्ये."

ऑगस्ट. सप्टेंबरात तो तिच्या स्वयंपाकघरात बसून छताकडे बघत होता. पोरं वाढतात, शिकायला बाहेर जातात, त्यांच्यामागे आईबापही जातात, यात तिला काही नवल नव्हतं. अशा किती जणांना तिने केक खाऊ घातले होते. पण ऑगस्ट!

"म्हणजे तुला ठाऊक होतं. माझं घर मागायला आलास तेव्हा तुझं जायचं ठरलेलं होतं."

"म्हणून तर मागितलं!" ब्रेंटन एकदम उजळला, जणू आता आईला पटणारच. "माझी दोन गेली असती तर सात उरली असती. शाळा बुडाली असती. अध्यक्षच आपली पोरं काढून घेऊन गेला, म्हणाले असते लोक. आता बघ, दोघांच्या बदल्यात चौघं आणली. आम्ही गेलो तरी अकरा. दोन्ही शिक्षक राहतात. मी गावाला फसवलं नाही, आई."

"गावाला नाही रे," वेरना म्हणाली.

"तुला आधी सांगितलं असतं तर दिलं असतंस का घर?"

"नसतं दिलं."

"बघ!" तो म्हणाला. जिंकल्यासारखा.

कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. अशी वेळ आली की माणूस मुलाच्या चेहऱ्यात त्याचा बाप शोधतो. वेरनानेही शोधला, पण डोळ्यांपुढचा तो ठिपका नेमका मधे आला.

"मुलांना माहीत आहे?"

"हो. ऑक्टोबरपासून. तुला सांगू नका म्हटलं होतं. तू मनाला लावून घेतलं असतंस."

म्हणजे रोज चार वाजता ती दोन लेकरं तिच्या टेबलाशी बसून स्कोन खात होती आणि गप्प राहत होती. आठ वर्षांच्या पोरीला तोंडात जॅम आणि पोटात गुपित ठेवायला शिकवलं होतं. घराचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं. हे घशाखाली उतरेना.

"आणि मी?" तिने विचारलं.

"तू इथेच! कुठे जायचंय तुला? मी पेरणीला येणार, कापणीला येणार. मधूनमधूनही येईनच. गावात जायचं असलं तर डॉट आहे, कुणीही नेईल. कुणी नाही म्हणणारंय का तुला?"

ती परत आली आणि टेबलाशी बसून हिशेब घालत राहिली. अकरातून चार वजा केले की सात. आपलं घर परत मागायचं तर चार पोरांना रस्त्यावर काढायचं आणि शाळेचा गळा स्वतःच्या हाताने दाबायचा. मुलाने तिला दोन्हीकडून बांधून टाकलं होतं, तेही किती गोड बोलून. केसाने गळा कापला. आणि सांगायचं कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

केक तिने केले. केले नसते तर शुक्रवारी सातच्या आत सगळ्या गावाला कळलं असतं की टकवेलांच्या घरात बिनसलंय, आणि ते तिला मुलाच्या वागण्याहूनही नको होतं. अंडी तिने हाताच्या अंदाजाने फेसली. केक चांगले फुगले. नेमके आजच फुगायचे होते मेल्यांना.

हॉल भरला होता. पंखे फिरत होते आणि गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. डॉटने भाषण केलं आणि वेरनाकडे एकदाही बघितलं नाही. ब्रेंटनला गावाचा विमानातून काढलेला फोटो चौकटीत घालून दिला. मग तो बोलायला उभा राहिला. बोलला छान, आवाजही दाटून आला त्याचा. ढोंग नव्हतं ते, आणि याचाच वेरनाला जास्त राग आला.

"आम्ही खरे जात नाहीच आहोत," तो शेवटी म्हणाला. "आई इथेच आहे, शेतावर. टकवेलांच्या घरात दिवा लागलेला दिसेल तुम्हाला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेरनाच्या शेजारी मारिविक बसली होती, मांडीवर धाकटा. तिने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच थांबवले.

"लोला, तुम्ही नाही जात त्यांच्याबरोबर?"

"नाही."

"मग शेतावर कोण आहे तुमच्यासोबत?"

"मेंढ्या आहेत."

मारिविक हसली नाही. "आम्हाला तर सांगितलं, नातवंडांजवळ राहायचं म्हणून तुम्हीच घर दिलंत. तुम्हालाच हवं होतं म्हणाले."

"तसंच होतं," वेरना म्हणाली, आणि इतके दिवस धरून ठेवलेला आवाज तिथे फुटला. "नातवंडं चालली, बाई. मला आठ दिवसांपूर्वी कळलं. तेही चुकून."

मारिविकने पोराला खाली ठेवलं. "आम्ही घर सोडतो. रोडेलला आत्ता सांगते. हे बरोबर नाही. तुमचं घर..."

"खबरदार!" वेरना इतक्या जोराने म्हणाली की पुढच्या रांगेतून दोन डोकी वळली. "तुझी चार पोरं आहेत म्हणून त्या शाळेत दुसरी बाई आहे. सोडतेय म्हणे घर!"

केक कापला गेला. बश्या फिरल्या. पाद्रीबाबांना क्रीम मिळालं.

"मग तुम्ही या," मारिविक म्हणाली. "मुली एका खोलीत झोपतील. तशाही एकाच पलंगावर सापडतात सकाळी. पुढची खोली तुमची. पोस्ट जवळ, दुकान जवळ."

"मी कुणाच्या घरी आश्रिताला जायची नाही."

"कुणाच्या घरी?" मारिविकने तिच्याकडे बघितलं. "आणि त्या वेलीला हात लावू नका म्हणालात. रान माजलंय नुसतं. मागच्या दारावर चढलीय, दार उघडत नाही आता."

वेरना उठली, आपल्या केकच्या ताटल्या धुऊन घेतल्या, डॉटच्या हातातलं फडकं घेऊन पुसल्या. डॉट म्हणाली, "वेरना, मला खरंच..." वेरना म्हणाली, "तुझ्यामुळे निदान कळलं तरी. राहू दे." आणि बाहेर आली.

आठ वाजत आले होते तरी ऊन होतं. हॉलच्या अंगणात गाड्या उभ्या होत्या. ब्रेंटनची गाडी चालू होती, हॅमिश आणि इस्ला मागे बसलेली, तान्या पुढे. मुलांनी आजीकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. ब्रेंटनने तिच्यासाठी दार उघडलं.

"चल आई. दमलीस ना?"

"मी येत नाही. मारिविककडे राहणार आहे. गावात. रविवारी माझं सामान आणून टाक, म्हणजे जायच्या आधी तुझं तेवढं काम होईल."

ब्रेंटन तिच्याकडे बघत राहिला. वेरना थांबली. पुढे ती कितीदा स्वतःवर चिडली, की आपण तिथे थांबलो का. पण थांबली खरी. नको जाऊस म्हणेल. चुकलं म्हणेल. नाहीतर चिडेल, लोक काय म्हणतील म्हणेल. तेही चाललं असतं. मुलाने आईवर ओरडावं, त्यातही एक नातं असतं. हातातल्या ताटल्या तिने छातीशी घट्ट धरल्या होत्या आणि ती वाट बघत होती.

"पण मग शेतावर कोण?" ब्रेंटन म्हणाला. "आई, असं नाही करता येणार. शेतावरचं घर साठ दिवसांच्या वर रिकामं राहिलं की विमा लागू होत नाही. चोरी झाली, आग लागली, एक पैसा मिळणार नाही. मी कंपनीला तू राहतेस म्हणून लिहून दिलंय."

तान्याने गाडीत मान वळवली आणि खिडकीची काच हळूच वर घेतली.

"कधी लिहून दिलंस?"

त्याने सांगायची गरजही नव्हती. गड्याच्या घराला रंग दिला, न्हाणीत दांडे लावले, तेव्हाच कधीतरी दिलं असणार. ती म्हातारी आहे, तिला आधार हवा, म्हणून ते दांडे आहेत असं ती आजवर समजत होती. रोज सकाळी त्यांना धरून ती त्याला आशीर्वाद देत होती.

अंगणापलीकडे रोडेलने आपली जुनी गाडी आणली होती आणि मारिविक पोरांना सरकवून पुढची जागा मोकळी करत होती. वेरना तिकडे चालत गेली. पायांखालची वाट होती, ठेच लागली नाही. रोडेलने तिच्या हातातल्या ताटल्या घेतल्या, तिला बसवलं, पट्टा लावून दिला. ब्रेंटन धावत मागे आला आणि खिडकीशी वाकला.

"आई, निदान जूनपर्यंत तरी. मी दुसरी काहीतरी सोय बघतो. कुणीतरी हवं ना तिथे राखणीला!"

"राखणीला कुत्रं ठेवतात, ब्रेंटन," वेरना म्हणाली. "आई नाही ठेवत."